माझी वाकडी पाठ

मुलांनो, "ताठ बस!" हे दोन शब्द दिवसातून किती वेळा तुमच्या कानांवर पडतात? सकाळी अभ्यासाला बसलात की आजी म्हणते, शाळेत बाई म्हणतात, संध्याकाळी टीव्हीसमोर बसलात की बाबा म्हणतात. हो की नाही? मीही शाळेत शिकवते. पण मी वर्गात असं कधी म्हणत नाही. कारण सांगू? माझी स्वतःची पाठच ताठ नाही, आणि कितीही ठरवलं तरी ती ताठ होणार नाही!

आपला पाठीचा कणा म्हणजे मणक्यांची एक माळ असते. लहानपणी तिच्यात ३३ मणके असतात. मोठेपणी त्यांतले खालचे काही एकमेकांना जुळून जातात. बाजूने पाहिलं तर या माळेला छान वळणं दिसतात, ती हवीतच. मागून पाहिलं तर मात्र ती सरळ ओळीत दिसायला हवी. काही जणांची माळ मागूनही बाजूला वळलेली असते, इंग्रजी 'एस' किंवा 'सी' अक्षरासारखी. या वळणाला डॉक्टर 'स्कोलिओसिस' म्हणतात. ते अंशांत मोजतात, भूमितीतल्या कोनासारखं. मोजण्याची पद्धत जॉन कॉब नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली मांडली. वळण १० अंश किंवा त्याहून जास्त भरलं, तरच त्याला स्कोलिओसिस म्हणायचं.

वाढत्या वयात शंभरातल्या दोन-तीन मुलामुलींना तो असतो. बहुतेकांचं वळण लहान असतं आणि त्यांना काही उपचारही लागत नाहीत. मोठं होत जाणारं वळण मुलींमध्ये जास्त आढळतं. ते का येतं? बहुतेक वेळा नेमकं कारण सापडतच नाही. पण जड दप्तरामुळे, पोक काढून बसल्यामुळे किंवा कुशीवर झोपल्यामुळे ते येत नाही, हे मात्र नक्की. म्हणून आईबाबांनो, अशा मुलाला रागावू नका. त्यात त्याचा काही दोष नसतो.

माझी पाठ पहिल्यांदा पकडली ती माझ्या आईने. ती घरी शिवणकाम करायची. २००४ साली मी आठवीत गेले, तेव्हा तिने मला गणवेशाचा नवा पंजाबी ड्रेस शिवला. घालून पाहिला तर घेर एका बाजूला वर! आई म्हणाली, "माप चुकलं वाटतं." तिने तो उसवला, पुन्हा शिवला. पुन्हा तेच. मग तिने ड्रेसकडे बघायचं सोडलं आणि माझ्याकडे बघितलं. माझा उजवा खांदा वर होता आणि कंबर एकीकडे झुकली होती. एक्स-रे काढला. वळण होतं २८ अंशांचं.

मग मला ब्रेस मिळाला. ब्रेस म्हणजे कडक प्लॅस्टिकचं जाकीट. ते गणवेशाच्या आत, दिवसाचे कितीतरी तास घालायचं. पाठीवर कुणी हात मारला की टक् असा आवाज यायचा, म्हणून वर्गात माझं नाव पडलं 'डबा'. दोन उन्हाळे मी त्या डब्यात काढले. माझी उंची वाढायची थांबली तेव्हा वळण होतं २९ अंश. म्हणजे जवळजवळ जिथल्या तिथे. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनची गरज नाही." आईने त्या दिवशी शिरा केला!

दुखणं आलं ते पुढे. डी.एड. करून २०१२ साली मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. फळ्यावर लिहायचं, पहिलीच्या चिमुकल्यांशेजारी खाली बसायचं, वाकून त्यांचा हात धरून 'ग' गिरवून घ्यायचा. चौथ्या तासापर्यंत उजव्या खांद्याखाली कुणी लाकडी ठोकळा ठेवलाय असं वाटायचं. असं का होतं? तुम्ही रस्सीखेच खेळता ना? माझ्या पाठीत ती दिवसभर चाललेली असते. वळणाच्या एका बाजूचे स्नायू ताणलेले, दुसऱ्या बाजूचे आखडलेले. बिचारे दोघेही दमतात.

शेक झाले, मलमं झाली, गोळ्या झाल्या. २०२१ साली माझ्या मामेबहिणीने पुण्यातल्या एका कायरोप्रॅक्टरांचं नाव सुचवलं. शब्द मोठा आहे, पण अर्थ सोपा. 'हात' आणि 'करणे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांपासून तो बनला आहे. कायरोप्रॅक्टर म्हणजे मणक्यांवर, सांध्यांवर हातांनी ठरावीक दाब देऊन उपचार करणारा माणूस. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली ही पद्धत सुरू केली. गंमत म्हणजे त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. ही गंमत लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्या गृहस्थांनी आधी माझे एक्स-रे मागितले. पायांना मुंग्या येतात का, बधिरपणा वाटतो का, रात्री दुखण्याने जाग येते का, असं सगळं विचारलं. मग म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट आधीच सांगतो. मी तुमचा बाक सरळ करणार नाही. कुणी करतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. दुखणं कमी व्हावं म्हणून मात्र प्रयत्न करू."

मी पालथी झोपले. त्यांनी तळहाताने दाब दिला आणि... कट्ट! मी दचकलेच. तुम्ही बोटं मोडता तेव्हा येतो ना, तसाच आवाज. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे बरं का! सांध्यातल्या पातळ द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज.

तीन महिन्यांत सहा वेळा मी पुण्याला गेले. पाठीचे व्यायाम त्यांनी रोजचे लावून दिले. पाठ हळूहळू मोकळी वाटू लागली. पुन्हा संपूर्ण फळा एका दमात भरून लिहिता येऊ लागला. दाब आणि व्यायाम दोन्ही बरोबरच चालू होते, त्यामुळे श्रेय मी दोघांना वाटून देते. वर्षभराने एक्स-रे काढला. वळण किती होतं? २९ अंश! दुखणं निम्म्याने कमी, वाकडेपणा तेवढाच. १८९५ सालच्या एका शोधाने दिलेला आराम त्याच वर्षीच्या दुसऱ्या शोधाने असा मोजून दाखवला.

आता हे सगळं तुम्हाला का सांगते, ते ऐका. २०२३ साली आमच्या शाळेत सातवीच्या मुलांची कवायत चालू होती. एक मुलगी पायांचे अंगठे धरायला वाकली, तर तिच्या पाठीची एक बाजू उंच दिसली. मी तिच्या आईला बोलावून दाखवलं. आठवड्याने तिचे वडील आले. एका दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं, 'चाळीस बैठकांत कणा सरळ करून देऊ.' एक्स-रेसुद्धा काढला नव्हता. भुईमुगाचे पैसे हातात आले होते, ते तिथे भरायला ते निघाले होते. मला म्हणाले, "बाई, तुम्हीपण पाठीला तेच करता ना? तुम्हाला गुण आला म्हणे."

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी माझे दोन्ही एक्स-रे शाळेत आणले, दाब घेण्याआधीचा आणि वर्षानंतरचा. खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरले. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यात फरक काय आहे?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "तेच तुम्हाला दाखवायचं होतं."

माझी हाडं वाढायची केव्हाच थांबली आहेत. माझा प्रश्न दुखण्याचा आहे. तिची उंची अजून वाढत होती, आणि उंची वाढते त्या काळातच वळणही वेगाने वाढू शकतं. ते महिने चाळीस बैठकांत गेले, तर परत मिळणार नव्हते. ब्रेसचं काम त्याच काळात असतं. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ब्रेस वापरणाऱ्या शंभरांतल्या ७२ मुलांचं वळण, वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिलं. न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ होतं. आणि जी मुलं रोज जास्त तास ब्रेस घालत, त्यांना जास्त फायदा झाला. ५० अंशांच्या आसपास गेलं की ऑपरेशनचा विचार करावा लागतो.

आम्ही सगळे जिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिचं वळण २७ अंश निघालं आणि तिला ब्रेस लागला. आता ती हायस्कूलला आहे. परवा रस्त्यात भेटली, म्हणाली, "बाई, आत फार घाम येतो हो!" मी तिला एक युक्ती सांगितली. आत पातळ सुती बनियन घालायचा, शिवण बाहेरच्या बाजूला करून. माझ्या आईचीच ती युक्ती.

तर मित्रमैत्रिणींनो, आज एक काम करा. आईला किंवा बाबांना मागे उभं राहायला सांगा. पाय जुळवा, गुडघे सरळ ठेवा, दोन्ही तळहात जोडा आणि हळूहळू पुढे वाका. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते का, ते त्यांना पाहू द्या. दिसली तर घाबरू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, किंवा शाळेत आरोग्य तपासणीला पथक येतं त्यांना सांगा. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय कुणालाही पाठ किंवा मान मोडू देऊ नका. रात्री दुखण्याने जाग येत असेल, पायांत मुंग्या येत असतील, तर त्याच दिवशी घरी सांगा. 'डबा' म्हणतील म्हणून गप्प बसू नका.

आणि तुमच्या वर्गात कुणाच्या पाठीवर टक् असा आवाज आला, तर त्याला चिडवू नका. मधल्या सुट्टीत त्याचं दप्तर तेवढं उचलून द्या. ब्रेस घालून खाली वाकायला फार त्रास होतो हो!