दिसतंय तोवरच

केरॅटोकोनस झालेल्या मुलांचे आईवडील मला हमखास एक प्रश्न विचारतात : ‘चष्म्यानं दिसतंय की त्याला, मग ऑपरेशनची घाई कशाला?’ प्रश्न रास्त आहे. मोतीबिंदूत आपण दिसेनासं व्हायला लागलं की ऑपरेशनचं बघतो. इथे हिशेब उलटा. दिसतंय तोवरच उपचार करून घ्यायचा.

कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो आकार धरून असतो तो कोलॅजनच्या तंतूंमुळे. बाजेची सुतळी सैल पडली की मध्ये झोळ येतो. तसे हे तंतू सैल पडले की कॉर्निया पातळ होत जातो, डोळ्यातल्या दाबानं पुढे फुगतो आणि शंकूचा आकार घेतो. हाच केरॅटोकोनस.

हे सुरू होतं शाळा-कॉलेजच्या वयात, आणि नेमकं तेव्हाच ते नजरेतून सुटतं. मुलाला फळ्यावरचं नीट दिसत नाही, नवा चष्मा येतो. काही महिन्यांत सिलिंडरचा नंबर पुन्हा वाढलेला, अक्षही फिरलेला. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांना शेपट्या फुटतात. घरचे मोबाइलला बोल लावतात, दुकानदार काचा बदलून देतो. रेटिनोस्कोपनं पाहिलं की बाहुलीतल्या प्रकाशाच्या दोन पट्ट्या एकमेकींजवळ येतात आणि दूर जातात. ते दिसलं की मी टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या वक्रतेचा नकाशा, केल्याशिवाय मुलाला घरी सोडत नाही.

बोलता बोलता माझं लक्ष त्याच्या हातांकडे असतं. ॲलर्जीची खाज असलेली मुलं बोटांच्या पेरांनी डोळे अक्षरशः रगडतात, आणि त्यानं हा आजार बळावतो. म्हणून आधी खाज थांबवायची. त्यासाठी चांगले थेंब आहेत. मात्र दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालू नका. त्यानं काचबिंदू होतो.

हा आजार दुर्मीळ आहे असं म्हणवत नाही. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या लोकांची पाहणी झाली, तेव्हा ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त वक्रता हा निकष लावून सुमारे २.३ टक्के लोकांत तो आढळला. फक्त वक्रतेचा निकष ढोबळ आहे, हे खरं. तरी आकडा लहान नाही.

आजार रोखणारा उपचार म्हणजे क्रॉसलिंकिंग. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थिओ सायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विकसित केला. रुग्णांवरचे त्यांचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ पद्धतीत थेंबांनी डोळा बधिर करून कॉर्नियावरचा पातळ थर खरवडून काढतात. मग अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब आणि पुढचा अर्धा तास ३७० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश. त्यानं तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात. नंतरचे दोन-तीन दिवस डोळा चांगलाच दुखतो, पाणी येतं. हे मी आधीच सांगून ठेवते. या पद्धतीला कॉर्निया किमान ४०० मायक्रॉन जाड लागतो. थांबण्यात ही जाडीच हातची जाते.

क्रॉसलिंकिंगनं नंबर जात नाही, आहे तिथे थांबावा एवढाच हेतू. दिसण्यासाठी चष्मा, नाहीतर सेमीसॉफ्ट किंवा स्क्लेरल लेन्स. स्क्लेरल लेन्स कॉर्नियाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते. पहिल्यांदा ती घालून पोरं भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. फार उशीर होऊन कॉर्नियावर वण पडला, तर मात्र नेत्रदानातून आलेल्या कॉर्नियाची वाट पाहावी लागते.

लग्नाआधी चष्मा घालवायला लेसिक करू पाहणाऱ्यांची टोपोग्राफी मी इतक्या काटेकोरपणे तपासते ती याचसाठी. आधीच कमकुवत असलेला कॉर्निया लेसरनं आणखी पातळ केला, तर तो फुगतच जातो. आणि एका मुलाचं निदान झालं की त्याच्या भावंडांनाही मी बोलावून घेते, त्यांना चष्मा नसला तरी.