बालवाडीच्या दारातल्या आपण

ऐंशीच्या दशकात ज्यांची मुलं बालवाडीत गेली, त्या आपण साऱ्याजणी आता आज्या झालो. नातवंडाला पहिल्या दिवशी प्लेस्कूलला सोडताना सुनेचा किंवा लेकीचा आवाज कापरा होतो, आणि तिला काय होतंय ते आपल्याला सांगावं लागत नाही. त्या दारात आपणही उभ्या राहिलो आहोत.

आपल्या वेळी शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या आणि पाऊसही त्याच सुमारास यायचा. आमच्या डोंबिवलीच्या चाळीपासून बालवाडीपर्यंतचा रस्ता सगळा चिखलाचा. पोराच्या अंगावर डकबॅकचा रेनकोट, तोही वाढत्या अंगाचा म्हणून पोटऱ्यांच्या खाली आलेला. गळ्यात वॉटरबॅग, छातीवर सेफ्टी पिनने टाचलेला घडीचा रुमाल, डब्यात तूप-साखर लावलेल्या पोळीची सुरळी. निघताना देवाला नमस्कार आणि आजीनं हातावर ठेवलेलं दही-साखर. आजोबा छत्री घेऊन जिन्यापाशी केव्हाचे उभे. रोजची लोकल धावतपळत गाठणारे बाबा त्या दिवशी मागे रेंगाळायचे. बोलायचे काहीच नाहीत, नुसते पोराच्या सँडलचे बंद सोडून पुन्हा बांधायचे.

आणि आपण? कुणी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढलेली, कुणी घरातलं सगळं उरकून पदर खोचून निघालेली. तीन वर्षं जे पोर कडेवरून उतरलं नव्हतं, ते आता परक्या माणसाच्या हाती द्यायचं, या विचारानं पोटात खड्डा पडायचा. भूक लागली तर बोलेल का? शूला जायचं असेल तर सांगेल का? पण हे बोलणार कुणापाशी? घरातल्या मोठ्या बायकांनी चार-पाच मुलं वाढवलेली. ‘त्यात काय एवढं, सगळ्यांचीच जातात,’ असं त्या म्हणायच्या. मग आपण मोरीत जाऊन तोंड धुवायचो आणि हसऱ्या चेहऱ्यानं बाहेर यायचो. शेजारणीही तेच करत होत्या, हे पुष्कळ वर्षांनी एकमेकींशी बोलताना कळलं.

दारात पोचलं की खरी परीक्षा. ‘त्याचं लक्ष नसताना हळूच सटक, म्हणजे रडणार नाही,’ हा सल्ला प्रत्येकीला घरून मिळालेला असायचा. आमच्या बालवाडीच्या बाईंना मात्र तो मुळीच मान्य नव्हता. देवळामागच्या एका लांबट खोलीत त्यांची बालवाडी भरायची. जमिनीवर सतरंजी, कोपऱ्यात लाकडी ठोकळे आणि मण्यांची टोपली. माझ्या मुलानं माझा पदर मुठीत घट्ट धरला होता. बाई खाली बसल्या, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आल्या. मूठ ओढून सोडवली नाही. मला म्हणाल्या, ‘तुमचा हातरुमाल द्या.’ तो त्यांनी त्याच्या दुसऱ्या हातात ठेवला. ‘हा आईचा रुमाल. खाऊ खायचा, गाणी म्हणायची, मग आई रुमाल न्यायला येणार. तोवर तू सांभाळायचास.’ मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘आता त्याला सांगा आणि निघा. मागे वळून बघू नका.’ तो रडलाच. पण रडता रडता त्यानं पदर सोडला आणि दोन्ही हातांनी तो रुमाल धरला.

अशा बाई गल्लोगल्ली होत्या, याचं श्रेय ज्यांना जातं त्यांची नावं तेव्हा आपल्यापैकी अनेकींना ठाऊकही नव्हती. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं आणि 1945मध्ये डहाणूजवळ बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उभं केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांच्या सहकारी झाल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आई कामाला लागलेली आणि मूल तिच्या नजरेच्या टप्प्यात मणी ओवतंय, अशी ती शाळा. घर आणि शाळा यांतलं अंतर मुलाला झेपेल एवढंच ठेवायचं, हे त्या दोघींनी करून दाखवलं. आमच्या बाईंनी रुमालानं साधलं ते हेच.

दुपारी आणायला गेलो की पोर धावत येऊन गळ्यात पडायचं. तो आनंद सगळ्यांनाच आठवतो. मला त्यानंतरचे दिवस जास्त आठवतात. ‘आमच्या बाई असं नाही करत,’ हे वाक्य घराघरात ऐकू यायला लागलं. हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, खेळ झाला की ठोकळे टोपलीत, हे आता बाई सांगतील तसं. आपला शब्द आजवर शेवटचा होता, तो आता राहिला नाही. काळजात बारीकशी कळ उठायची आणि त्याच क्षणी ऊरही भरून यायचा. आपल्याखेरीज आणखी एका मोठ्या माणसावर आपल्या मुलाचा विश्वास बसला होता. पुढे कॉलेज, नोकरी, परदेश, लग्न अशी पाठवणी करताना आपण खंबीर राहिलो, त्याची सुरुवात त्या सतरंजीच्या खोलीत झाली, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आज पहिल्या दिवसाला निघालेल्या आईबाबांना एवढंच सांगते. रडू आलं तर घरात उघड रडा, आम्ही लपवलं तसं लपवू नका. मुलाला चोरून सोडून जाऊ नका. त्याला सांगून निघा आणि सांगितलेल्या वेळेला दारात हजर राहा. आणि आज्यांनो, ‘त्यात काय एवढं’ हे वाक्य आपण तरी सुनेला-लेकीला ऐकवायचं नाही.