टांगणं आणि उतरवणं

दिवाळीच्या आधीचा महिना माझ्या व्यवसायात सर्वांत धावपळीचा. रंगारी घराबाहेर पडले की लोकांना कोऱ्या भिंती बघवत नाहीत. "ताई, हॉलच्या भिंतीवर काहीतरी सुचवा" असा फोन आला की मी आधी विचारते, घरात काय काय पडून आहे? कपाटात, माळ्यावर, दिवाणाच्या पोटात? मग बाहेर निघतं ते पाहून घरच्यांनाच नवल वाटतं. राजस्थानच्या सहलीत घेतलेली फड, नळकांड्यातून कधीच न काढलेलं मधुबनी, सासूबाईंनी लग्नाआधी मॅटीवर भरलेला मोर, आजेसासूबाईंचं मण्यांचं तोरण, बिदरीची फुलदाणी, सावंतवाडीची गंजिफा. आणि इतकं सगळं असताना हॉलच्या मोठ्या भिंतीवर मात्र वास्तुशास्त्राच्या नावाखाली विकत आणलेले सात घोडे उधळलेले.

घोड्यांशी माझं वैर नाही. तक्रार आहे ती ते कधीच खाली उतरत नाहीत याबद्दल. घर सजवायचं म्हणजे भिंती एकदाच भरून टाकायच्या आणि पुढच्या रंगकामापर्यंत तिकडे बघायचं नाही, अशी समजूत पक्की झाली आहे. वर सांगितलेल्या वस्तूंकडे नीट पाहिलं, तर यातल्या बऱ्याच कला मुळात वर्षभर भिंतीवर राहण्यासाठी जन्मलेल्याच नव्हत्या.

फडीचंच घ्या. लोकदेवता पाबूजींची फड, म्हणजे त्यांची कथा रंगवलेली कापडी पट्टी, सुमारे पंधरा फूट लांब असते. भोपा आणि भोपी हे पुजारी-गायक जोडपं ती गावोगाव नेतात, रात्री उभी करतात, दिव्याच्या उजेडात गाऊन कथा सांगतात आणि पुन्हा गुंडाळतात. ती त्यांचं फिरतं देऊळ आहे. जीर्ण झाली की तिचं पुष्करच्या पाण्यात विधिपूर्वक विसर्जन करतात. नाथद्वाऱ्याच्या पिछवाया श्रीनाथजींच्या मूर्तीमागे लागतात, पण ऋतू बदलला, उत्सव आला की पिछवाई बदलते. पावसाळ्यात ढग आणि मोर, शरद पौर्णिमेला रास, दिवाळीनंतर अन्नकूट. आपल्या पिंगुळीची चित्रकथीही तशीच. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या या गावातले ठाकर कलावंत चित्रांची पोथी बांधून ठेवत, देवळात एकेक चित्र समोर धरून कथा सांगत आणि कथा संपली की पोथी बांधून टाकत. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा माझ्याकडे चित्रकथीच्या फ्रेमची मागणी अचानक वाढली. आनंदच झाला, पण प्रत्येकाला ती फ्रेम सोफ्यामागे, कायमचीच हवी होती.

वारली चित्रांची गोष्ट मला यात सर्वांत बोलकी वाटते. लग्नाचा चौक सुवासिनी लिहीत, शेणामातीने सारवलेल्या, गेरूने रंगवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी ठेचून केलेल्या कुंचल्याने. त्यात पालघाट देवी बसते, लग्न लागतं. नंतर तो चौक धुरात, ओलीत हळूहळू पुसट होतो आणि त्याचं कुणाला दुःख नसतं. पुढच्या लग्नाला नवा लिहायचाच असतो. मिथिलेतलं, म्हणजे मधुबनी शैलीतलं, कोहबर चित्रही लग्नाच्या खोलीतल्या भिंतीचं. या दोन्ही कला भिंतीवरून कागदावर उतरल्या त्यात एकाच मराठी चित्रकाराचा मोठा हात आहे, भास्कर कुलकर्णी यांचा. बिहारच्या दुष्काळात, १९६६-६७च्या सुमारास, हस्तकला मंडळाच्या वतीने ते मिथिलेत गेले आणि तिथल्या बायकांना त्यांनी कागद दिला. सत्तरच्या दशकात डहाणूच्या पाड्यांवर तेच केलं. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्यामुळे वारली चित्र जगभर पोचलं. कागदावर आल्यामुळे या कलावंतांच्या हाताला पैसा मिळाला आणि नाव मिळालं, ही मोठीच गोष्ट झाली. कागदामुळे चित्र टिकाऊ झालं, आणि टिकाऊ आहे म्हणून आपण ते खिळ्याला लटकवून विसरलो.

मराठी घरातही शोभा येऊन जाऊन असायची. वाड्याच्या भिंतीत कोनाडे आणि खुंट्या असत. कोनाड्यात दिवा, खुंटीला पागोटं. भिंत इतकी जाड की वस्तू भिंतीच्या पोटात बसायची, खोलीत पुढे यायची नाही. सजावट व्हायची ती निमित्ताने. चैत्रगौरीची आरास पायऱ्यापायऱ्यांनी मांडायची, घरातलं ठेवणीतलं सगळं बाहेर काढायचं, हळदीकुंकू झालं की पुन्हा कागदात गुंडाळून ट्रंकेत. गौरींपुढची मांडणी तीन दिवसांची. पोरांचा किल्ला तर तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला तरी पुष्कळ. काचेच्या फ्रेमा आल्या त्या छापील चित्रांबरोबर. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. त्या छताजवळ, किंचित पुढे झुकवून टांगत. लोक जमिनीवर बसत, मान वर करून बघत. शिवाय फ्रेम झुकवली की काच कमी चमकते. आज आपण सोफ्यावर बसतो, तरी कित्येक घरांत फ्रेमा अजून त्याच उंचीवर लागतात. चित्रकार मुळगावकरांच्या कॅलेंडरांचं एक मात्र छान होतं. वर्ष संपलं की ती आपोआप उतरायची, आणि फारच आवडलेलं चित्र असेल तरच कापून फ्रेमवाल्याकडे जायचं.

आता याच्या तांत्रिक बाजूकडे येते, कारण मी उतरवायचा आग्रह धरते तो केवळ हौसेपोटी नाही. उजेडाने कापडाची आणि कागदाची होणारी झीज साठत जाते. आराम दिल्याने ती भरून येत नाही, फक्त पुढची झीज थांबते. म्हणून संग्रहालयांत जुन्या कापडावर सुमारे ५० लक्स एवढाच प्रकाश ठेवतात आणि ठरावीक काळाने ते प्रदर्शनातून काढून आत ठेवतात. आपल्या खिडकीजवळच्या भिंतीवर भर दुपारी याच्या दहापट, वीसपट उजेड सहज असतो, थेट ऊन आलं तर विचारायलाच नको. नैसर्गिक रंगांत हळदीचा पिवळा सर्वांत आधी उडतो, मंजिष्ठाचा लाल बराच टिकतो, नीळ त्याहून चिवट. कलमकारीतली हिरवी पानं काही वर्षांनी निळसर दिसायला लागतात, ती यामुळे. निळीवर चढवलेला पिवळा गेला आणि खालची नीळ राहिली.

पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी नव्या ग्राहकांना आवर्जून पाठवते. काकासाहेब केळकरांनी जमवलेल्या वस्तू वीस हजारांच्या घरात आहेत आणि मांडलेल्या आहेत त्या जेमतेम अडीच हजार. बाकीच्या आत आहेत. अडकित्ते, दिवे, वज्र्या पाहताना, सगळ्याच वस्तू बाहेर असत्या आणि एकमेकींच्या अंगावर आल्या असत्या तर काय दिसलं असतं, याची कल्पना करावी. घराला वेगळा न्याय कशाला? माझा हिशोब सोपा आहे: जेवढं आहे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने भिंती आणि शेल्फं सजवा, बाकीचं आत, आणि सणवाराला अदलाबदल.

कोथरूडच्या एका काकूंना हे अजिबात पटलं नव्हतं. "अहो, एवढे पैसे घालून आणलं ते काय ट्रंकेत ठेवायला?" मी म्हटलं, "काकू, पैठणी रोज नेसता का?" त्या हसल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, की घड्या तर आम्ही पैठणीच्याही बदलतो. त्याच वर्षी त्यांच्याकडे पिछवाई दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत लागली. नंतर मॅटीवरचा मोर आला आणि पावसाळ्यात ती भिंत चक्क मोकळी राहिली.

पावसाळ्याचा मुद्दा मुंबई-कोकणातल्यांसाठी कळीचा. पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची बाहेरची भिंत पावसाचा मारा खाते. तिच्यावर टेकून लावलेल्या फ्रेममध्ये श्रावण सरेपर्यंत बुरशीचे ठिपके दिसतात आणि कसर पुठ्ठ्यात घर करते. कागदाचं किंवा कापडाचं काही लावायचं ते आतल्या भिंतीवर. तरी फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे हवा खेळते. चित्र काचेला चिकटता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवी, आणि माउंट आम्लविरहित पुठ्ठ्याचा मागून घ्यावा. साधा पुठ्ठा काही वर्षांत चित्राच्या कडा पिवळ्या करतो. फ्रेमवाले याचे पैसे जास्त लावतात, ते द्यावेत.

कापड चारी कोपऱ्यांना खिळे ठोकून कधीही लावू नये. सगळा भार चार खिळ्यांवर येतो आणि मधोमध झोळ पडतो. मांजरपाट आधी धुऊन त्याची खळ काढायची, त्याचं अस्तर लावायचं, वरच्या कडेला मागून नेफा शिवायचा आणि त्यात ॲल्युमिनिअमची नळी किंवा सागाची पट्टी सरकवायची. भार सगळ्या रुंदीवर सारखा पसरतो आणि मुख्य म्हणजे उतरवणं सोपं होतं. दोन हुक भिंतीत कायम, वरचं कापड बदलतं. हे हुक कशात ठोकतो आहोत ते मात्र बघा. नव्या इमारतींत काही भिंती ओतीव काँक्रीटच्या असतात, तिथे हॅमर ड्रिलशिवाय भोक पडत नाही. काही हलक्या एएसी ब्लॉकच्या, तिथे भोक लोण्यासारखं पडतं आणि साधा प्लग तितक्याच सहजपणे बाहेर येतो. त्या भिंतीसाठी वेगळे प्लग मिळतात. सोलापूरच्या मागावर विणलेलं मोठं वॉल हँगिंग जड असतं, ते एका खिळ्याच्या भरवशावर सोडू नये.

उंचीबद्दल विचाराल तर चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या थोडा खाली. सोफ्याच्या वर असेल तर पाठीपासून वीतभर अंतर पुरे. बसलेल्या माणसाला दिसलं पाहिजे. बैठक गादी-लोडाची असेल तर आणखी खाली आणा, संकोच करू नका.

शेल्फावरच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. पितळेची समई चिंचेने लखलखते, पण नक्षी बारीक असेल तर दरवेळी घासून ती बोथट होते. सणापुरतं घासावं, एरवी कोरडं फडकं. बिदरीला मात्र चिंच, लिंबू, पितळ घासायची पूड यांतलं काहीही लावू नये. ती जस्ताची, त्यात थोडं तांबं, आणि तिचा काळा रंग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीच्या लेपाने आणलेला. आंबट लागलं की काळं जातं, मग चांदीच्या वेलबुट्टीला उठाव राहत नाही. बोटभर खोबरेल लावून मऊ फडक्याने पुसली की पुरे. आणि एका फळीवर एकाच धातूच्या सगळ्या वस्तू नकोत. पितळेच्या सात हत्तींपेक्षा एक हत्ती आणि शेजारी सावंतवाडीचं लाकडी फळ जास्त शोभतं.

सगळ्यात नाजूक विषय म्हणजे चंदनाचा हार घातलेले आजोबा. ते उतरवा असं मी कधीच म्हणत नाही. फक्त टीव्हीच्या वरून त्यांना जेवणाच्या खोलीत किंवा देवघराजवळ आणते, घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारून.

उतरवलेल्या कापडाची घडी घालू नये, घडीवर जर आणि रंग दोन्ही तुटतात. पुठ्ठ्याच्या जाड नळीवर आधी स्वच्छ मलमल, मग कापड, चित्राची बाजू बाहेर, वर पुन्हा मलमल. डांबराच्या गोळ्या जरीला लागल्या तर जर काळवंडते, त्यापेक्षा वेखंडाच्या पुरचुंड्या नळीच्या दोन्ही टोकांना बांधाव्यात. जागा म्हणून वरच्या मजल्यावरचा माळा टाळा, तो उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो. दिवाणाचा खण बरा, पण तळाशी लाकडी पट्ट्या टाकून. नळीला कापडी चिठ्ठी शिवा आणि तिच्यावर आत काय आहे, कधी गुंडाळलं, एवढं लिहून ठेवा. नाहीतर दसऱ्याला पिछवाई शोधताना आधी सतरंजी हाती लागते.