सोळा तासांची काळजी

रुग्णालय म्हटले की खाट आलीच, अशी आमची समजूत होती. मनोरुग्णाने सकाळी जावे आणि सायंकाळी घरी परतावे, अशी दिवसाची रुग्णालये १९३३ साली मॉस्कोत व १९४६ साली माँट्रिअलला निघाली, हे आम्हांस कळले ते धाकट्या भावाच्या आजारपणात.

बदलीच्या गावी, बेंगळुरूस, कचेरीला जाताना आम्ही त्याला अशाच एका ठिकाणी पोचवीत असू. डॉक्टर आठवड्याने भेटत, परिचारिका रोज. औषधे देणे, मंडळींना कामात गुंतविणे हे त्या करीतच. पण त्यांचे चित्त असे ते नजरेआडच्या सोळा तासांवर. "झोप लागली का? गोळी घेतली का? घरात कोणाशी बोलला?" हे प्रश्न त्या आम्हांलाच विचारीत.

त्या केरळच्या, भाऊ मराठीखेरीज बोलेना. त्यांनी "जेवलास का?" एवढे मराठी शिकून घेतले आणि उत्तर येईपर्यंत, तब्बल तीन आठवडे, रोज विचारले.

वॉर्डातला रुग्ण रात्रीही परिचारिकांच्याच स्वाधीन असतो. येथे तो रोज घरच्यांवर सोपवावा लागतो. म्हणून घरच्यांनाही तयार करावे लागते. "बरे वाटते का, हे सारखे विचारू नका, भाजी निवडायला द्या," त्यांनी आमच्या सौभाग्यवतीस सांगितले.

आजार संपला, असे डॉक्टर म्हणत नाहीत. भाऊ मात्र आता एकटा बसने जातो.

कचेरीत आम्ही कागद पुढे धाडला की मोकळे होतो. त्या रोज सायंकाळी माणूस घरी धाडतात आणि सकाळी पुन्हा त्याची वाट पाहतात.