मुशी की वटवाघूळ?

बाळंतपणात मी किती मुशी खाल्ली, विचारू नका! सासूबाई अलिबागच्या. मुशीने बाळंतिणीला भरपूर दूध येतं, यावर त्यांचा ठाम विश्वास. ‘खा गं, बाळासाठी खा,’ म्हणत वाडगा पुढे! आणि रात्री दोन वाजता पाजायला बसलं की खिडकीबाहेरच्या उंबरावर वटवाघळांची झुंबड. या दोघींबद्दल मग मी वाचतच सुटले. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात मोबाइल.

मुशी हा आपल्या किनाऱ्यावरचा छोटा शार्क. जेमतेम दोन फुटांचा. तिचं अंडं साधारण एका मिलिमीटरचं, त्यात बलक जवळजवळ नाहीच. मग पिल्लं पोसायची कशी? चक्क वार आणि नाळेतून, आपल्यासारखी! पाच-सहा महिने ती डझनभर पिल्लं पोटात वाढवते. जे द्यायचं ते सगळं आधीच. जन्मल्या क्षणी वीतभर पिल्लू त्याच्या वाटेने, आई तिच्या.

फळं खाणारं आपलं मोठं वटवाघूळ पंख पसरलं की चार फुटांच्या आसपास भरतं. गर्भारपण तेही पाचेक महिन्यांचं, पण पिल्लू बहुधा एकच. पहिले तीनेक आठवडे आई त्याला छातीशी घेऊनच उडते. नंतर झाडावर ठेवून खायला जाते, परत येऊन पाजते. अकराव्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू उडायला लागतं, तरी दूध सुटायला पाच महिने लागतात.

आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ वरून २६ आठवड्यांवर आली. माझे २६ रविवारी संपतायत. तेवढ्यात वटवाघळाचं पिल्लू स्वतःचं पोट स्वतः भरतं. माझं अजून धड बसतही नाही! सल्ले मात्र दोनच. एक मुशीछाप : ‘दूध फ्रीजरमध्ये भरून ठेव आणि विसर.’ दुसरा : ‘एवढ्याशा जिवाला टाकून जाववतं तरी कसं?’

जाववत नाहीच. तरी सोमवारी मी जाणार आहे. कारण वटवाघळाची आई पिल्लाला टाकत नाही, ठेवते. ती स्वतः खाऊन आली तरच त्याला दूध मिळतं. ठेवणं आणि टाकणं यात फरक आहे, आणि तो परत येण्याचा आहे.

तेव्हा रजा संपवून आलेली एखादी मैत्रीण ऑफिसात दिसली, तर ‘बाळ कुणाकडे?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘जेवलीस का गं?’