गाडीची गोधडी

आमच्या नाशिकच्या घरी थंडी पडू लागली की ट्रंकेतून दोन गोधड्या निघत. एक अण्णांची, आणि दुसरी त्यांच्या मॉरिस मायनरची! १९६१ साली अण्णांनी ही गाडी घेतली तेव्हाही ती कुणाची तरी वापरलेलीच होती. पण तिचा थाट एखाद्या माहेरवाशिणीसारखा. संध्याकाळचा फेरफटका झाला की अण्णा तिच्या बॉनेटवर आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी पसरीत, पुढच्या जाळीवरून नीट खाली सोडीत, आणि मगच चहा मागत.

"अण्णा, गाडीला पडसं होतं का हो?" मी एकदा विचारले.

अण्णा हसले नाहीत. थंडीने इंजिनातले तेल घट्ट होते, बॅटरीचा जोर ओसरतो आणि पेट्रोलची वाफ लवकर होत नाही, असे त्यांनी बोटांवर मोजून सांगितले.

२०१८ च्या पावसाळ्यात अण्णा गेले. गाडी अंगणात उभीच राहिली. त्या डिसेंबरात थंडी अशी पडली की निफाडकडचे बागाईतदार द्राक्षे वाचवण्यासाठी रात्रीच्या शेकोट्या पेटवू लागले. नेमके त्याच दिवसांत आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. सकाळी सातची वेळ. "अण्णांच्याच गाडीतून जाईन," हा तिचा हट्ट.

चोक ओढला, स्टार्टर ओढला. इंजिन दोनदा कण्हले आणि गप्प! मी धावत जाऊन गोधडी आणली आणि बॉनेटवर टाकली.

शाल पांघरून पायरीवर बसलेली आई म्हणाली, "आता घालून काय उपयोग रे? गोधडी ऊब देत नाही, असलेली ऊब जाऊ देत नाही, एवढंच. गाडी गरम असतानाच घालायची ती."

मी इंजिनियर, आणि हे मला आईने सांगावे!

"हँडल काढ," ती म्हणाली. "आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. दांड्याला विळखा घालू नकोस. उलटा झटका बसला तर हात मोडेल."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"इतकी वर्षं पहाटे विजेरी धरून कोण उभं राहत होतं?"

पाचव्या फेऱ्याला इंजिन धडधडले. दवाखान्यात उशीर झाला, बोलणीही खाल्ली. पण ऑपरेशन सुरेख पार पडले.

जाताना वाटेत आई हळूच म्हणाली, "अण्णा गेल्यापासून या गाडीत आजच बसले बघ."

मला उत्तर सुचले नाही. पाच महिने मी तिला औषधे वेळेवर आणून दिली होती, फळे आणली होती. संध्याकाळी तिच्याजवळ बसलो मात्र नव्हतो.

तिच्या डोळ्यांवरची पट्टी निघाली त्या दिवसापासून आम्ही दोघे रोज संध्याकाळी गाडीतून गंगापूर रोडने चक्कर मारून येतो. घरी आल्यावर गोधडीचे एक टोक ती धरते, एक मी.

उन्हाळ्यात गोधडी लागत नाही. चक्कर मात्र चुकत नाही.