विनापाश

वृत्तपत्रांतल्या वधूवरविषयक छोट्या जाहिरातींनी जे काही शब्द वर्षानुवर्षे जपून ठेवले आहेत, त्यांत ‘विनापाश’ हा शब्द मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. वय आणि उंची यांच्या मधोमध तो येतो. अर्थ इतकाच, की मूल नाही, किंवा असले तरी त्याचा भार नव्या घरावर पडणार नाही. पाश म्हणजे फास, यमाच्या हातात असतो तो. आणि मायेलाही आपण पाशच म्हणतो. समासाचे उदाहरण म्हणून हा शब्द वर्गात दिला की मुले हसतात.

गेल्या वर्षी आमच्या एका सरांनी अशाच एका जाहिरातीचा मसुदा ‘शुद्धलेखन तेवढे पाहून दे’ असे म्हणत माझ्यापुढे ठेवला. सरांचे वय एकोणसत्तर. सांगलीच्या परिसरात त्यांनी तीस वर्षे साहित्यशास्त्र शिकवले. बाईंना जाऊन सहा वर्षे झालेली. मुलगा पुण्याला, मुलगी न्यू जर्सीला. मसुदा असा होता : ‘सेवानिवृत्त प्राध्यापक, विधुर, स्वतःचे घर, वाचन व अभिजात संगीताची आवड. सुसंस्कृत सोबतीण हवी. विनापाश असल्यास प्राधान्य.’ मी विचारले, “सर, आणि तुमचे पाश?” ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि त्यांनी शेवटचे वाक्य स्वतःच्या हाताने खोडले.

‘सोबतीण’ मात्र तसेच राहिले. आपल्याकडे ‘सोबत’ या शब्दात अंधाराची भीती आहे. रात्री परसात जाणाऱ्या मुलाला सोबत लागते. घरात एकट्या पडलेल्या म्हातारीकडे शेजारची मुलगी सोबतीला निजायला जाते. ‘सहवास’ हा पुस्तकातला शब्द, तो बोलण्यात सहसा येत नाही. आणि ‘संगत’ बैठकीतली, तबल्याची. सरांना खरे तर ही तिसरी हवी होती. विलंबित चालू असताना समेवर ज्याच्याकडे नजर टाकावी असे कुणीतरी. पण ‘संगत करणारी हवी’ असे छापले असते, तर कोणत्या अर्थाची पत्रे आली असती कोण जाणे!

उतारवयात जोडीदार शोधणाऱ्या माणसाची जी प्रतिमा मराठी वाचकाच्या मनात पक्की बसली आहे, ती देवलांनी घडवलेली आहे. ‘शारदा’ (१८९९) मधला भुजंगनाथ. पैशाच्या बळावर कोवळी मुलगी वरू पाहणारा तो म्हातारा हास्यास्पद ठरला आणि ते योग्यच झाले. जरठकुमारी विवाहाच्या अनिष्ट प्रथेवर तो घाव होता. (१९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचे नाव या नाटकावरून पडले असे अजूनही काही विद्यार्थी लिहितात, ते हरविलास सारडांच्या आडनावावरून आले आहे.) पण त्या हशाचा सूर आपल्या कानांत असा काही मुरला, की साठीच्या बाईला सत्तरीच्या पुरुषाने मागणी घातली तरी आपल्याला भद्रेश्वर दीक्षितच आठवतात. पुढे १९७० मध्ये ‘नटसम्राट’ आले, मग दळवींचे ‘संध्याछाया’. तिथे म्हातारपण हास्यास्पद उरले नाही, करुण झाले. मुलांनी दुरावलेले, मुलांची वाट पाहणारे. मुलांखेरीज आणखी कुणाची वाट पाहणारा वृद्ध आपल्या रंगभूमीला फारसा सुचला नाही असे मला वाटते. प्रेक्षागृहात बेलवलकरांसाठी डोळे पुसणारा मुलगा घरी येऊन वडिलांची जाहिरात वाचतो आणि ‘लोक काय म्हणतील’ असे विचारतो, यात विसंगती आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही.

सरांच्या मुलाने नेमके हेच विचारले. पूर्णवेळ माणूस ठेवू, पैसे मी देतो, असेही म्हणाला. तो वाईट मुलगा नाही. मृत्युपत्र नसेल तर १९५६च्या वारसा कायद्याप्रमाणे दुसऱ्या पत्नीचाही मुलांच्या बरोबरीने हिस्सा लागतो हे त्याला ठाऊक होते. ते तो बोलला नाही, सर बोलले. घर स्वकष्टार्जित असल्याने मृत्युपत्र करून तो प्रश्न त्यांनी महिन्याभरात मिटवला.

खरी अडचण वेगळीच निघाली. आलेल्या मोजक्या पत्रांत एक मिरजेचे होते. बाई त्रेसष्ट वर्षांच्या, पती रेल्वेत होते. अक्षर रेखीव, आवडीनिवडी जुळणाऱ्या. शेवटी एक ओळ : ‘सोबत हवी आहे की स्वयंपाकीण, ते आधी कळवावे.’ सर दुखावले. मला मात्र ती ओळ त्या सबंध पत्रव्यवहारातली सर्वांत सुसंस्कृत ओळ वाटली. पुरुषाची रसिकता बहुधा कुणाच्या तरी ओट्यावर उभी असते. ती व्यक्ती गेली की त्याला एकटेपण जाणवते आणि भूकही लागते, आणि या दोन्हींतला फरक त्याचा त्याला कळतोच असे नाही. उलट कित्येक बायकांना साठीनंतर प्रथमच स्वतःच्या वेळेला जेवता येते. ती मोकळीक त्या सहजी का सोडतील?

सरांनी आठवडाभराने उत्तर लिहिले. दरम्यान ते आमटी करायला शिकले होते.

दोघे भेटले, आवडले. लग्न मात्र झाले नाही. विधवेने पुनर्विवाह केला की पतीच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन थांबते. अपत्यहीन विधवेला काही सवलत आहे, पण बाईंना मुलगी आहे. म्हणजे जाहिरातीतल्या पाशाला नियमपुस्तकातही किंमत आहेच! निवृत्तीनंतर केलेल्या विवाहातल्या पत्नीलाही निवृत्तिवेतनाचा हक्क असतो असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला आहे. सरांनी तो बाईंना वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही गेल्यावर. तोवर मी दर महिन्याला तुमच्यापुढे हात पसरायचा?” यावर सरांकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नाही.

तेव्हा दर गुरुवारी बाई बसने सांगलीला येतात आणि रविवारी सर मिरजेला जातात. अंतर दहाएक किलोमीटर. पुण्यात ज्येष्ठांनी लग्नाविना एकत्र राहावे म्हणून काम करणारी मंडळी आहेत, पण बाईंना तेही नको. घर आपले हवे.

मार्चमध्ये सरांना पेसमेकर बसवावा लागला, मिरजेतच. दाखल करताना फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. बाईंनी पेन हातात धरून बराच वेळ विचार केला आणि ‘परिचित’ असे लिहिले. कारकुनाने तो कागद परत केला. जवळच्या नातेवाइकाची सही लागेल म्हणाला. मुलगा पुण्याहून येईपर्यंत साडेचार तास गेले. त्या वेळात आम्ही दोघी बाकावर बसून होतो. बाई विशेष काही बोलल्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या, “तुम्ही मराठीच्या ना? याला शब्द नाही का हो?” मुलाने सही केली, मग बाईंकडे वळून म्हणाला, “काकू, तुम्ही जेवलात का?”

मिरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाणे होते. सरांना आता जागरण झेपत नाही. ते अकराला उठले. बाई मागे थांबल्या. पुढचा गायक त्यांना ऐकायचा होता.